तालुक्याच्या गावात थाई करी: ‘इथं कोण खाणार?’ या प्रश्नाचं खरं उत्तर काय?

थोडक्यात

- परदेशी पदार्थ छोट्या गावात पोहोचतो तो माणसं, माल आणि भांडवल यांच्या जोरावर. चवीचा नंबर त्यानंतर लागतो.
- जगात कानाकोपऱ्यात थाई हॉटेलं दिसतात, त्यामागे थायलंड सरकारचं वीस वर्षांहून जुनं धोरण आहे.
- थाई ताटातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी नांदेड-लातूरच्या शिवारात आधीपासून आहेत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

देगलूरमध्ये उद्या एखाद्या पोरानं थाई हॉटेल काढतो म्हटलं, तर घरातून पहिला प्रश्न ठरलेला आहे: ‘इथं कोण खाणार?’ दुसरा प्रश्न मित्रांचा: ‘नांदेडला काढ की, नाहीतर सरळ हैदराबाद गाठ.’ आणि तिसरा, बँकेच्या टेबलापलीकडून: ‘दुसरं काही सुचत नाही का?’

गंमत अशी की हे तिन्ही प्रश्न चायनीजच्या गाड्याला आता कुणी विचारत नाही. मंडीला विचारत नाही. मोमोजच्या स्टॉललाही विचारत नाही. मंचुरियन, येमेनमधली मंडी आणि हिमालयाकडचा मोमो आता मराठवाड्याला परके राहिलेले नाहीत. मग एखादा पदार्थ ‘आपल्याकडे चालतो’ आणि दुसरा ‘चालणार नाही’ हे ठरवतं कोण? लोकांच्या जिभा ठरवतात, असं आपण समजतो. प्रत्यक्षात जिभेपर्यंत गोष्ट जायच्या आधीच बराच निकाल लागलेला असतो.

## देगलूरला चव रस्त्यानं येते

देगलूर हे नांदेडपासून साधारण ८० किलोमीटरवरचं, तेलंगणाला खेटून असलेलं गाव. कर्नाटकातला बीदर जिल्हाही शेजारीच. अकोल्याहून हिंगोली, नांदेड करत तेलंगणातल्या संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ इथून जातो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण ५४ हजार होती.

१९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा देगलूर तालुक्याचेच दोन तुकडे पडले. बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कल आंध्रात गेली, उरलेला तालुका इकडे राहिला. कागदावर सीमा आखली गेली, पण सोयरिकी, बाजार आणि स्वयंपाकघरं तशीच राहिली. आपली अंबाडी तिकडे गोंगुरा होते, एवढाच फरक.

त्यामुळे ‘बाहेरचं खाणं’ ही देगलूरसाठी नवी गोष्ट नाही. इडली-डोसा तेलुगू आणि कन्नड वाटेनं आला. बिर्याणी हैदराबादहून आली. मंडीची वाट तर अजून लांबची. निजामाच्या फौजेत येमेनच्या हदरामौत भागातले अरब सैनिक होते. त्यांचे वंशज हैदराबादच्या बारकस भागात राहिले. तिथल्या मंडीची नंतर हैदराबादभर हवा झाली आणि ती महामार्गानं मराठवाड्याकडे सरकली. म्हणजे अरबस्तानातला पदार्थ इथवर यायला लागल्या त्या दोनच गोष्टी: तो करणारी माणसं आणि त्यांच्याकडून शिकलेली पुढची माणसं.

थाई जेवणाच्या वाटेवर नेमकी ही कडी तुटलेली आहे.

## चायनीजला जमलं ते कसं?

चिकन मंचुरियनची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५ च्या सुमारास नेल्सन वँग या शेफनं तो पदार्थ बनवला, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली फोडणी. त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि घट्टपणाला कॉर्नफ्लोअर. चीनमध्ये हा पदार्थ शोधून सापडणार नाही.

पण मुंबईच्या क्लबातून तो तालुक्याच्या गाड्यावर कसा गेला? इथं चवीपेक्षा हिशेब जास्त उपयोगी पडला. सोया सॉस, व्हिनेगर आणि चिली सॉस भारतातच, स्वस्तात तयार व्हायला लागले. या तिन्ही बाटल्यांना फ्रिज लागत नाही. पत्ताकोबी, गाजर, सिमला मिरची कोणत्याही बाजारात मिळते. एक मोठी भट्टी, एक लोखंडी कढई आणि हाताचा वेग एवढ्यावर दुकान उभं राहतं. कारागीर एका गाड्यावर सहा महिने हाताखाली राहिला की दुसरा गाडा टाकू शकतो. माल उरला तर दुसऱ्या दिवशी चालतो.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर चायनीजचं ‘डिझाइन’ छोट्या गावासाठी सोपं झालं. सुटे भाग सगळीकडे मिळतात, दुरुस्ती गावातच होते आणि एक भाग नसला तर दुसरा बसवता येतो.

## थायलंडनं हे काम सरकारी पातळीवर केलं

जगात थाई हॉटेलं इतकी का दिसतात, याचं उत्तर अनेकांना चकित करतं. थाई लोक जगभर फार मोठ्या संख्येनं स्थलांतरित झालेत म्हणून नव्हे. थायलंड सरकारनं ठरवलं म्हणून.

२००२ च्या आसपास तिथल्या सरकारनं ‘ग्लोबल थाई’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा जगात साधारण साडेपाच हजार थाई रेस्तराँ होती. ती संख्या काही वर्षांत आठ हजारांवर न्यायची, असं उद्दिष्ट ठरलं. २०१८ पर्यंत हा आकडा पंधरा हजारांच्या घरात गेला.

सरकारनं यासाठी नेमकं काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

पहिलं, नमुने तयार केले. निर्यात विभागानं तीन प्रकारच्या हॉटेलांचे आराखडे आखले: झटपट खाण्यासाठी ‘एलिफंट जंप’, मधल्या दराचं ‘कूल बेसिल’ आणि महागडं ‘गोल्डन लीफ’. मेन्यूपासून सजावटीपर्यंत सगळा विचार आधीच केलेला.

दुसरं, कर्ज. परदेशात हॉटेल काढू पाहणाऱ्या थाई नागरिकांसाठी सरकारी बँकांनी पैसे उपलब्ध केले.

तिसरं, आचारी. स्वयंपाक्यांना प्रशिक्षण दिलं. न्यूझीलंडसारख्या देशाशी व्यापार करार करताना थाई आचाऱ्यांच्या प्रवेशाची सोय त्यात बसवली.

चौथं, शिक्का. चांगल्या हॉटेलांना ‘थाई सिलेक्ट’ हे सरकारी प्रमाणपत्र दिलं. त्यामुळे गिऱ्हाइकाला खात्री आणि मालकाला प्रतिष्ठा मिळाली.

ही सवय थायलंडला जुनीच आहे. आज जगाला माहीत असलेलं ‘पाड थाई’ म्हणजे परतलेल्या तांदळाच्या शेवयाही अशाच पुढे आल्या. पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांनी १९३९ मध्ये देशाचं नाव सयामचं थायलंड केलं आणि त्याच काळात नूडल्स खाण्याची राष्ट्रीय मोहीम चालवली. एक चिनी पद्धतीचा पदार्थ चिंच, गूळ आणि सुक्या कोळंबीच्या जोरावर ‘राष्ट्रीय’ झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ‘टॉम यम कुंग’ हे कोळंबीचं आंबट-तिखट सार युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा यादीत गेलं. त्यामागेही असाच सरकारी पाठपुरावा होता.

खाद्यपदार्थांच्या मार्गानं देशाची ओळख वाढवण्याच्या या पद्धतीला ‘गॅस्ट्रोडिप्लोमसी’ म्हणतात. साध्या मराठीत, पानात वाढून केलेली ओळख. पुढे दक्षिण कोरिया, पेरू, मलेशिया यांनी हीच वाट धरली.

## उत्तर ध्रुवाजवळ थाई जेवण मिळतं, मग देगलूरमध्ये का नाही?

अनपेक्षित जागेचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण नॉर्वेच्या उत्तरेला आहे. स्वालबार्ड या बर्फाळ द्वीपसमूहात लाँगइयरब्येन नावाचं गाव आहे, ७८ अंश उत्तर अक्षांशावर. लोकवस्ती अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे देगलूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्याएवढी. हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य दिसत नाही. तिथं नॉर्वेजियन सोडले तर मोठ्या समाजांपैकी एक आहे थाई लोकांचा, आणि तिथं थाई जेवण विकत मिळतं.

हे कसं? काही थाई स्त्रिया नॉर्वेजियन खाणकामगारांशी लग्न करून तिथं गेल्या. मग नातेवाईक गेले, ओळखीचे गेले, हॉटेलांत आणि साफसफाईच्या कामांत रुजले. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथं राहायला-काम करायला व्हिसा लागत नाही. या करारात भारतही आहे. त्याच द्वीपसमूहात २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र काम करतं.

अडीच हजारांच्या वस्तीत थाई करी मिळते आणि ५४ हजारांच्या गावात ती ‘चालणार नाही’ असं आपण आधीच ठरवून टाकतो. फरक लोकसंख्येत नाही. तिथं करणारी माणसं पोहोचली आणि त्यांना दार उघडं होतं.

## मुंबई-पुण्याला थाई कसं रुजलं?

आपल्याकडे थाई जेवणानं पंचतारांकित दारातून प्रवेश केला. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात १९९३ मध्ये ‘थाई पॅव्हेलियन’ सुरू झालं. शेफ आनंदा सॉलोमन यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पुण्यात कोरेगाव पार्कात १९९७ मध्ये प्रफुल्ल आणि चीरू चंदावरकर या दांपत्यानं ‘मलाका स्पाइस’ काढलं आणि थायलंडसह आग्नेय आशियाचं जेवण रस्त्यालगतच्या टेबलावर आणलं. ओशो आश्रमामुळे त्या परिसरात परदेशी लोकांची वर्दळ होती. म्हणजे नव्या चवीला पहिलं गिऱ्हाईक तिथं तयार मिळालं.

या दोन्ही जागांनी शहरातल्या एका वर्गाला लेमनग्रास आणि नारळाच्या दुधाची चव लावली. पण त्यातून एक समजही पक्का झाला: थाई म्हणजे महाग, एसीतलं, इंग्रजी मेन्यूतलं जेवण. बँकॉकच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मजूर जे खातो, ते इथं येता येता ‘फाइन डायनिंग’ झालं. चायनीजचाही सुरुवातीचा प्रवास असाच होता. फरक इतकाच की चायनीज क्लबातून खाली गाड्यावर उतरलं, थाई अजून जिन्यातच आहे.

## थाई ताटातलं आपल्याकडे काय काय आहे?

आता मुद्द्याची गोष्ट. थाई स्वयंपाकाची यादी घेऊन नांदेड-लातूरच्या बाजारात फिरलं तर काय सापडेल?

गवती चहा. हेच ते लेमनग्रास. आपल्या अंगणात, न्हाणीच्या पाण्यावर वाढतं आणि पावसाळ्यात चहात पडतं. थाई स्वयंपाकात त्याचा खालचा पांढरा दांडा ठेचून वाटणात जातो. आपण वरची पात वापरतो आणि दांडा बुंध्याला सोडून देतो.

चिंच. पाड थाईचा आंबटपणा चिंचेचा. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला.

कोथिंबीर. त्याच वेळी लातूरच्याच कास्ती कोथिंबिरीलाही जीआय मिळाला. थाई वाटणात कोथिंबिरीची मुळं लागतात. आपल्याकडे जुडी निवडताना पहिल्यांदा मुळंच कापून टाकतात.

मिरची. नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद लाल मिरचीसाठी ओळखलं जातं. मिरची मुळात ना आपली, ना त्यांची. अमेरिका खंडातली ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून आशियात पसरली. ज्या मिरचीवर मराठवाडा आणि थायलंड दोघंही हक्क सांगतात, ती दोघांनाही एकाच पाहुण्यानं आणून दिली.

सब्जा. फालुद्यात घालतो त्या सब्जाचं झाड आणि थाई करीतली सुगंधी पानं ही एकाच कुळातली. ‘पाड क्रपाओ’ या दुसऱ्या पदार्थात तर चक्क आपली तुळस पडते, तीही मांसाबरोबर. ते इथं कुणी करणार नाही आणि करायची गरजही नाही. सब्जाच्या पानावर काम भागतं.

कुलिंजन. थाई पाककृतीतलं गलांगल. घसा बसला की आयुर्वेदिक दुकानातून आणतो तेच.

शेंगदाणे, गूळ, कच्ची पपई, लिंबू, तांदूळ यांबद्दल सांगायची गरजच नाही.

मग बाहेरून काय आणावं लागतं? नारळाचं दूध, मकरूट लिंबाची पानं आणि फिश सॉस. त्यातला फिश सॉस शाकाहारी ताटात लागतच नाही. थायलंडमध्ये शाकाहारी जेवणाची ‘जे’ नावाची वेगळी परंपरा आहे. त्यात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या घराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

## मग अडतं कुठे?

चव जवळची, निम्मा माल घरचा. तरी हॉटेल उभं राहत नाही, याची तीन कारणं दिसतात.

एक, किमान गिऱ्हाइकाचं गणित. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: प्रत्येक सेवेला टिकण्यासाठी ठरावीक किमान गिऱ्हाईक लागतं. किराणा दुकान वाडीतही चालतं, सोनाराला बाजारपेठ लागते, हृदयाच्या शस्त्रक्रियेला मोठं शहर. थाई हॉटेलचं ताट नारळाच्या दुधाच्या पाकिटावर अवलंबून आहे. समजा एका पाकिटात चार ताटं निघतात आणि दिवसात एकच गिऱ्हाईक आलं, तर उरलेलं तीन ताटांचं दूध फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस वाट बघतं आणि मग फेकलं जातं. सोया सॉसची बाटली अशी रुसत नाही. म्हणून फक्त थाई विकणारं हॉटेल तालुक्याच्या गावात अवघड आहे. पण चायनीज, बिर्याणी किंवा साध्या खानावळीच्या मेन्यूत थाईच्या चार ओळी असल्या, तर हेच गणित जमतं. भट्टी तीच, भात तोच, आचारी तोच.

दोन, आचारी. मराठवाड्यातली किती तरी पोरं पुणे, मुंबई, हैदराबादच्या हॉटेलांत भांडी घासण्यापासून सुरुवात करून कढईपर्यंत पोहोचतात. त्यांच्या हातात कला असते, पण तिचा कागद नसतो. गावी परतल्यावर ती कला शून्य धरली जाते.

तीन, भांडवल. एप्रिल २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तारणाशिवाय शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद आहे. तरुण गटातलं कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ च्या अर्थसंकल्पात मर्यादा २० लाख झाली. कागदावर दार उघडं आहे. पण धंदा ‘नेहमीचा’ असला तरच तो समोरच्याला कळतो. किराणा, मोबाइल शॉपी, कपड्याचं दुकान यांचे प्रकल्प अहवाल तयार मिळतात. नव्या खाण्याच्या हॉटेलचा अहवाल लिहून देणारं कुणी नसतं. थायलंडनं हॉटेलचे तयार आराखडे केले, ते याच अडचणीवर.

## ‘इथं पाण्याची बोंब, आणि तुम्ही थाई करी काय घेऊन बसलात?’

हा आक्षेप येणारच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सोयाबीनला भाव नाही, कधी दुष्काळ तर कधी अतिवृष्टी, नांदेड-देगलूर-बीदर रेल्वेची मागणी जुनी असूनही देगलूरला अजून गाडीची शिट्टी ऐकू येत नाही. अशा ठिकाणी नूडल्सची चर्चा कशाला?

उत्तर थायलंडमध्येच आहे, आणि ते बँकॉकमध्ये नाही. त्या देशाच्या ईशान्येला ‘इसान’ नावाचा प्रदेश आहे. देशाचा साधारण एक तृतीयांश भूभाग आणि तेवढीच लोकसंख्या. कोरडं पठार, बेभरवशाचा पाऊस, कमी उत्पन्न. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बँकॉकला बांधकामावर, टॅक्सीवर, कारखान्यांत कामाला जातात. बँकॉकमध्ये त्यांच्या बोलीची टिंगल व्हायची, त्यांचं खाणं ‘गावंढळ’ समजलं जायचं. वर्णन ओळखीचं वाटतंय ना?

त्याच इसानी मजुरांनी आपल्याबरोबर ‘सोम तम’ नेलं. कच्ची पपई, मिरची, लसूण, शेंगदाणे आणि लिंबू खलबत्त्यात ठेचून केलेली कोशिंबीर. आधी ते फक्त मजुरांच्या गाड्यावर मिळायचं. मग कारकून खाऊ लागले, मग पर्यटक. आज थायलंडच्या बाहेरही जवळजवळ प्रत्येक थाई मेन्यूत सोम तम असतं. दुष्काळी पठारावरच्या खलबत्त्यातला पदार्थ देशाची ओळख झाला.

मराठवाड्याकडे खलबत्ताही आहे, ठेचाही आहे आणि पुण्याला गेलेली माणसंही आहेत. येसर आमटी, धपाटे, हुलग्याचं माडगं, शेंगोळे हे सगळं घराघरात आहे. पण पुण्यातल्या हॉटेलांच्या पाट्या बघा. कोल्हापुरी आहे, मालवणी आहे, खानदेशी आहे, सावजी आहे. मराठवाडी अशी पाटी शोधत फिरावं लागतं. लाखो माणसं गेली, त्यांची मेस झाली, पण त्यांच्या चवीचं नाव झालं नाही.

म्हणून देगलूरमधलं थाई हॉटेल आणि पुण्यातलं मराठवाडी हॉटेल हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. दोन्हीकडे एकच वाक्य आडवं येतं: ‘कोण खाणार?’ एकदा तालुक्याच्या गावाला नवी चव परवडत नाही असं मान्य केलं, की त्याच गावाची चव शहराला परवडेल असं कोण म्हणणार?

## ‘ते अस्सल थाई नसणार’

नसेलच. कोळंबीच्या जागी चिकन येईल, मकरूटच्या पानाऐवजी साध्या लिंबाचं पान, पाम शुगरऐवजी लातूरचा गूळ. तिखट जरा चढं असेल. मेन्यूवर ‘थाई पनीर ग्रेव्ही’ असंही काहीतरी लिहिलेलं दिसेल आणि शहरातले लोक त्यावर रील करून हसतील.

पण थाई जेवण स्वतःच असं घडलं आहे. नूडल्स चिनी, मिरची अमेरिकेची. वेलदोडा-दालचिनी घातलेल्या ‘मसमन’ करीचं नाव ‘मुसलमान’ या शब्दावरून आलं असं मानलं जातं. मिसळून घेतल्यानं थाई जेवण बुडालं नाही, मोठं झालं. मंचुरियनलाही कुणी चिनी पासपोर्ट मागत नाही. खाणाऱ्याला ताट गरम, स्वच्छ आणि दरात बसणारं हवं असतं. अस्सलपणाचा हट्ट ज्यांना करायचा आहे त्यांना बँकॉकचं विमान आहेच.

आणि ते विमान आता दूर राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडनं भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश सुरू केला. २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त भारतीय तिथं जाऊन आले. त्यात मुंबई-दिल्लीवाले होते, तसे तालुक्याच्या गावातले डीलरही. बियाणं, खतं, सिमेंट, टायर यांच्या कंपन्या टार्गेट पूर्ण केल्यावर बँकॉक-पटायाची टूर देतात, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विचारून बघा. म्हणजे थाई भूमीवर जाऊन आलेलं गिऱ्हाईक गावात आहे. तिथंही टूरवाल्यानं पनीर आणि डाळ-भातच खाऊ घातला, ही गोष्ट वेगळी.

## मग करायचं काय?

सरकारनं देगलूरमध्ये थाई हॉटेल काढावं, असं कुणी म्हणत नाही. पण थायलंडच्या अनुभवातून तीन गोष्टी जिल्हा पातळीवरही उचलता येतात.

हाताच्या कलेला कागद द्या. आयटीआयमध्ये ‘फूड प्रॉडक्शन’ हा अभ्यासक्रम असतो. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. शहरातल्या हॉटेलांत पाच-सात वर्षं काम करून परतलेल्या तरुणाची परीक्षा घेऊन त्याला तिथून प्रमाणपत्र मिळालं, तर बँकेच्या टेबलावर त्याची बाजू भक्कम होईल.

वाटणाला उद्योग समजा. थाई करीचा जीव तिच्या वाटणात असतो आणि वाटण टिकवता येतं. गवती चहा, कोथिंबिरीची मुळं, मिरची आणि कुलिंजन यांचं वाटण लातूर-नांदेडच्या महिला बचत गटांनी केलं, तर ते पुण्या-हैदराबादच्या हॉटेलांनाही विकता येईल. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा उद्योगांसाठी ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आणि बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल ठेवलेलं आहे. त्याच यंत्रावर येसर आणि ठेचाही निघेल. जी चिंच आणि कोथिंबीर जीआयचा शिक्का मिरवते, तिला बाजारही मिळायला हवा. नुसत्या शिक्क्यानं शेतकऱ्याच्या हातात जास्तीचा रुपया पडत नाही.

तयार आराखडे करा. तालुक्याच्या गावातलं वीस खुर्च्यांचं हॉटेल: किती जागा, कोणती भट्टी, किती फ्रिज, कोणत्या नोंदण्या, पहिल्या सहा महिन्यांचं खेळतं भांडवल किती. असा नमुना अहवाल मराठीत, जिल्हा उद्योग केंद्राच्या संकेतस्थळावर असायला काय हरकत आहे? एलिफंट जंप न्यूझीलंडमध्ये चालेल असा आराखडा बँकॉकमध्ये बसून होऊ शकतो, तर नांदेडमध्ये बसून देगलूरचा नक्कीच होईल.

बाकी राहिलं गिऱ्हाईक. ते आपणच. नवं हॉटेल उघडलं की पहिल्या महिन्यात त्याची टिंगल करायची आणि चौथ्या महिन्यात शटर पडलं की ‘सांगितलं होतं ना’ म्हणायचं, ही आपली जुनी खोड. एखादी गोष्ट गावात चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ती किमान एकदा विकत घेऊन खाल्लेली असावी, एवढी अट मान्य केली तरी कित्येक छोट्या धंद्यांना एक पावसाळा जास्त काढता येईल.

मंडी आली, मंचुरियन आलं, मोमो आला. थाई करीही कधी तरी येईलच. प्रश्न आहे तो एवढाच, की ती वाढणारा हात देगलूरच्या पोराचा असेल की बाहेरून आलेल्या एखाद्या फ्रँचायझीचा. आत्ता हसून वेळ घालवला, तर ताट येईल, पण गल्ला दुसऱ्याचा असेल.